चाळिसावं नाव

शिवणकामाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण संपलं आणि केंद्रातल्या बाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं. तिच्याच चाळीस जणींच्या तुकडीतल्या एकेकीला फोन करायचा, काम मिळालं का ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा, एवढंच काम. "लेक ऑफिसात लागली," असं आईने जिन्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगून टाकलं.

पहिली म्हणाली, "कुठलं काय गं." दुसरी रडायलाच लागली. तिसरीने प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, मशीन मात्र अजून घेता आलं नव्हतं. वर्गात शेजारी बसणारी म्हणाली, "चला, तुझं तरी मार्गी लागलं." हिने नुसतं "हं" म्हटलं आणि 'नाही'वर खूण केली. पुढे पुढे तर फोन लागायच्या आधीच पेन 'नाही'पाशी जाऊन थांबायला लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी एकच फॉर्म उरला. त्यावर तिचंच नाव होतं. 'काम मिळालं का?' यापुढे तिने पहिल्यांदाच 'हो'वर खूण केली.

 

खालच्या ओळीत विचारलं होतं, 'काम किती दिवसांचं?' तिने नीट अक्षरात लिहिलं, "हा फॉर्म भरून होईपर्यंत."