आफ्रिकेचा पाय

नागू सुताराने शेवटचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "उठा आता, जावईबापू."

झिलू ओट्याच्या खांबाला धरून उठला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. आठ महिन्यांपूर्वी कॅसलरॉकच्या यार्डात एक ओंडका घरंगळला आणि हुबळीच्या दवाखान्यात पाय कापावा लागला. त्या जागी आता सासऱ्याने केलेला लाकडी पाय होता, काळाभोर आणि शिंगासारखा गुळगुळीत. उद्या सकाळी रेल्वेचा साहेब येणार होता. स्टेशनपासून फाटकापर्यंत चालत जाऊन झिलूने फाटक लावून दाखवलं, तर फाटकवाल्याची जागा त्याला मिळणार होती. नाहीतर सासऱ्याच्या ओट्यावर बसून राहायचं.

लाकूड निवडताना नागूने काही कसर ठेवली नव्हती. दारातला साग तोडायचा तर सरकारचा पास हवा, आणि तसाही जावयासाठी त्याला साग पुरेसा वाटत नव्हता. स्टेशनच्या गुदामात काळे ओंडके येऊन पडले होते. आफ्रिकेहून जहाजाने मुरगावला आणि तिथून आगगाडीने घाट चढून आलेले. एकाला तडा गेला होता म्हणून तो कोणी नेईना. नागूने तो बोटांनी वाजवला, अंगठा थुंकीत भिजवून कापावर घासला, उचलून पाहिला आणि जागच्या जागी हरखून गेला. शिसवापेक्षाही जड होता. चांगलं लाकूड हाताला जड लागतं हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत ते एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

मग दीड महिना त्या लाकडाने त्याचा घाम काढला. तासायचा वाकस वरच्या वर उडायचा, पटाशीला घटकेघटकेला धार लावावी लागायची आणि भुशाने शिंका थांबायच्या नाहीत. पण पाय आकाराला येऊ लागला तसा नागू येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवू लागला. तेल नको, रोगण नको, नुसतं फडक्याने घासलं की त्यात तोंड दिसायचं. असा पाय साहेबाच्या बापानेही पाहिला नसेल, असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

झिलूने पाऊल टाकलं. पहिलं पडलं, दुसरं ओढलं गेलं, तिसऱ्याला तो कमरेतून असा कलंडला की नागू धावला. तरी नेट धरून तो अंगणातल्या फणसापर्यंत गेला आणि झाडाला टेकला. कपाळावर घाम होता. पट्ट्याखालून रक्त झिरपत होतं.

"पाय लई चांगला हाय, मामा," तो म्हणाला. सासऱ्याचं मन त्याला मोडवत नव्हतं.

नागूने पट्टे सैल केले, पुन्हा आवळले, आत आणखी कापूस कोंबला. नवीन आहे म्हणून जड जातंय, दोन दिवसांत सवय होईल, असं तो बोलत राहिला. दोन दिवस कुणाकडे होते?

त्याची लेक केशर दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती अंगणात आली, तिने नवऱ्याला खाली बसवलं, पट्टे सोडले आणि जखमेवर हळद दाबली. मग तो काळा पाय दोन्ही हातांनी उचलून बापाच्या हातात दिला.

"धरा वाईच, आप्पा. ह्यो पाय न्हाई, खांब हाय. खांबाला कुठं चालाय लागतंय?"

नागू तो धरून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचे हात भरून आले. दीड महिना त्याने पाय ठोकळ्यावर ठेवून घडवला होता, आणि माणसाला तो पावलापावलाला उचलायचा आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

केशर आत गेली आणि शिंक्याला हात पुरावा म्हणून चुलीजवळ ठेवलेला ओंडका एका हाताने घेऊन आली. पांगाऱ्याचा होता, दोन वर्षांच्या धुराने वाळून खडखडीत झालेला.

नागूचा चेहरा उतरला. पांगारा म्हणजे कुंपणाला लावायचं झाड, नुसती फांदी खोचली तरी पावसात फुटणारं. सुतार त्याला लाकडात धरत नाहीत. फार तर पोरांच्या खेळण्यातले बैल करतात. जावयाला पांगाऱ्याचा पाय दिला तर भाऊबंद काय म्हणतील, असं त्याने विचारलं. ओंडका त्याच्या पुढ्यात ठेवून केशर भाकऱ्या थापायला निघून गेली.

मुळ्यात शिरावा तसा वाकस त्या लाकडात शिरत होता. नागूला कामाची शरम वाटत होती, तरी हात थांबले नाहीत. रुळांच्या खडीवर टोक झिजू नये म्हणून त्याने काळ्या पायाचा शेंडा दोन बोटं कापून नव्या पायाखाली बसवला. पांगाऱ्याचा पाय घडायला जेवढा वेळ गेला, जवळजवळ तेवढाच त्या दोन बोटांनी खाल्ला.

उन्हं कलली तेव्हा झिलू पुन्हा उठला. फणसापर्यंत गेला आणि टेकला नाही. तसाच कुंपणापर्यंत गेला, बेडं उघडलं, लावलं आणि परत फिरला. अंगणातल्या मातीत एक पाऊल आणि एक वाटोळी खूण, अशी रांग उमटत गेली. नागू दोन्ही हात पसरून मागे चालत होता, पण धरायची वेळ आली नाही. तो उगाच सूचना देऊ लागला. साहेबापुढे ताठ राहा, घाई करू नका, आणि फाटकावर तासन्‌तास उभं राहावं लागेल, त्याची आत्तापासून सवय करा.

झिलू थांबला. त्याने खाली पायाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे.

"उबा ऱ्हातो की, मामा. पर पावसाळ्यात मला एका जागी लई वेळ उबा करू नगा. पांगारा हाय, पालवी फुटंल."