ओबीडियंट

"ओबीडियंट," मास्तर म्हणाले. "म्हणजे सांगितलेलं मुकाट ऐकणारा. चला, एकेकाने वाक्य करा."

कारखान्याच्या प्रेसखात्यातली माणसं रांगेत उभी होती. समोर मालक आणि मालाची ऑर्डर ठरवायला आलेले दोन परदेशी पाहुणे. आमच्या कामगारांना इंग्रजी येतं, एवढं मालकाला पाहुण्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी बाहेरून मास्तर आणून आठवडाभर हा एकच शब्द घोटून घेतला होता. माय डॉग इज ओबीडियंट. माय सन इज ओबीडियंट. फिटरने बायकोला ओबीडियंट करून टाकलं, तेव्हा रांगेत खसखस पिकली. त्याची बायको काय चीज आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी उभ्या असलेल्या वहिनीला हसू आलं नाही. हल्ली तिला काहीच येत नसे, रडूसुद्धा.

वहिनी हे नाव तिला नवऱ्यामुळे पडलं. तिच्या मशीनवर आधी तो होता. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो. पत्रे झपाझप सरकवता येतात. माल दुप्पट निघतो. पाचर ठोकायला सुपरवायझरने सांगितलं होतं. नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा तोच सुपरवायझर चौकशीत म्हणाला, त्याने आपल्या मनाने ठोकली, आम्हाला काय माहीत. भरपाई बुडाली. वर दया दाखवून तिला त्याच मशीनवर घेतलं, तेही टेंपररी. रोज सकाळी ती नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची आणि इथे येऊन मशीनचं एक बटण दाबायची. दुसऱ्यात पाचर होतीच.

आज सकाळी सुपरवायझरने तिला बाजूला घेतलं. सगळ्या मशीनच्या पाचरी काढ आणि लपव, म्हणाला. तिचं वाक्यही त्यानेच ठरवून दिलं होतं. आय ॲम ओबीडियंट. नीट बोललीस तर उद्या पर्मनंट करून टाकतो.

"हं, वहिनी," सुपरवायझर गोड आवाजात म्हणाला. "बोला."

"माय हजबंड वॉज ओबीडियंट."

पाहुणे हसले. मास्तरांनी मान डोलावली, वाक्य बिनचूक होतं. सुपरवायझर मात्र डोळे वटारून बघत होता, ठरलेलं बोल म्हणून.

तिने ठरलेलंही बोलून टाकलं. "आय ॲम ओबीडियंट."

मग एप्रनच्या खिशात हात घालून तिने मूठ पाहुण्यांसमोरच्या टेबलावर उलटी केली. पुन्हा घातला, पुन्हा उलटी केली. तेलाने काळ्या पडलेल्या पाचरी खडखडत पडल्या. एक घरंगळत पाहुण्याच्या बुटाशी गेली. त्याने ती उचलली, न्याहाळली आणि मागच्या प्रेसच्या बटणाकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं.

ती सुपरवायझरकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. घरी डबा भरताना असतो, तेवढाच होता.

"साहेब, पाहुणे गेले की या परत ठोकायच्या ना?"