दोन हेल्मेट

"तुम्हा दोघांपैकी एकालाच ठेवायचं झालं, तर कुणाला काढायचं?"

काकाने प्रश्न टाकला आणि तो खुर्चीत मागे रेलला. समोर त्याची पुतणी बसली होती. काचेच्या भिंतीपलीकडे, बाहेरच्या सोफ्यावर, तिचा भागीदार लंबू. बुटका सोफा आणि ताडमाड पोरगा, त्यामुळे गुडघे हनुवटीला भिडायचे तेवढे बाकी. मांडीवर दोन हेल्मेट, एक त्याचं, एक तिचं. दोघं एकाच स्कूटरवर आले होते.

काका हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा. नवी कंपनी काढलेली पोरं पैसे मागायला आली की भागीदारांना एकेक करून आत घ्यायचं आणि हे विचारायचं. जो फटकन जोडीदाराचं नाव घेईल त्याच्यावर पैसे लावायचे. जो चिडेल, गहिवरेल, 'आम्ही दोघं म्हणजेच कंपनी' वगैरे सुरू करेल, त्याला कॉफी पाजून वाटेला लावायचं. भाषणांत तो याला नेतृत्वाची पारख म्हणायचा आणि सभागृह टाळ्या पिटायचं. साध्या माणसाच्या भाषेत याला पाठीत सुरा खुपसायची शिकवणी म्हणतात. पण साध्या माणसाला असल्या सभागृहात घेतंय कोण!

लंबूची पाळी आधी होऊन गेली होती. "मला काढा," तो म्हणाला होता, आणि वर ओशाळून हसला होता. "मला चार माणसांत बोलता येत नाही हो. ती नसेल तर विकणार कोण?" काकाने मनातल्या मनात त्याच्या नावावर फुली मारली होती.

आता मात्र काकाच्या तळहाताला घाम फुटला होता. कारण ही पोरगी दादाची. पहिली कंपनी त्याने दादाबरोबर काढली होती. अशाच एका खोलीत एका पैसेवाल्याने त्याला हेच विचारलं होतं, आणि तो एका दमात म्हणाला होता, "दादाला." दादा तेव्हा काचेपलीकडे बसला होता. त्या दिवसापासून दादा त्याच्याशी एक शब्द बोललेला नाही. कंपनी मात्र वाढली, विकली गेली, आणि त्या पैशावर काका आज इथे बसून दुसऱ्यांची पारख करत होता.

या पोरीने नाही म्हणावं, असं त्याला आतून वाटत होतं. दोन शिव्या हासडाव्यात, टेबलावर हात आपटावा, तरातरा निघून जावं. तसं झालं असतं तर आज पहिल्यांदाच त्याने नियम मोडून पैसे दिले असते. दादाच्या दारात उभं राहायला निदान तोंड तरी राहिलं असतं.

"हा प्रश्न मला माहितीये, काका," पुतणी म्हणाली. "बाबांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"काचेतून आवाज येत नाही. पण ओठ दिसतात."

काकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"इथे येताना बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तंगडी मोडून घरात बसवलं असतं!" ती हसली. हसताना थेट दादा.

"बरं. मग? काय उत्तर तुझं?"

तिने बाहेर पाहिलं. लंबूने लगेच अंगठा वर केला. त्या गडबडीत मांडीवरचं एक हेल्मेट घरंगळून फरशीवर आपटलं. ते उचलायला तो खाली वाकला.

पुतणीने खुर्ची फिरवली. काचेकडे पाठ केली. मग म्हणाली, "लंबूला."



"कारण?"

"सॉफ्टवेअर लिहून झालंय." दवाखान्यातला लशींचा फ्रिज बंद पडणार असेल तर ते आधीच सांगणारं सॉफ्टवेअर होतं. फ्रिजशेजारी सतरंजी टाकून, तिथेच झोपून-उठून लंबूने ते लिहिलं होतं. "आता फक्त विकायचंय. ते त्याला जन्मात जमणार नाही. माणूस सोन्यासारखा आहे, काका, पण..."

"पण काय?"

"सोन्यासारख्या माणसांवर कंपनी चालत नाही. तुमचंच वाक्य. तुमची सगळी भाषणं ऐकलीत मी. बाबा घरात नसताना."

काकाला वाटलं, हिला आत्ता सांगावं लंबू काय म्हणाला ते. एका वाक्याचं काम होतं. "तो काय म्हणाला, विचारणार नाहीस?"

"त्यात काय विचारायचं! माझं नाव घेतलं असेल. कोण नाही घेणार?"

काकाने हात पुढे केला. "अभिनंदन."

नियम म्हणजे नियम. तिने हात घट्ट दाबला, तिचा तळहात कोरडा होता. बॅग खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"काका, त्याला आजच सांगू?"

काकाने काचेतून पाहिलं. खाली पडलं होतं ते तिचं हेल्मेट. लंबू ते शर्टाच्या बाहीने पुसत होता, ओरखडा गेला का ते उजेडाकडे धरून बघत होता.

"स्कूटर कोण चालवतं?"

"तोच."

"मग घरी पोचल्यावर सांग."