बाहेर न्यायचं नाही

दानशूर साहेबांनी सार्वजनिक ग्रंथालयाला दिलेली दुर्मीळ पुस्तकं नव्या दालनात त्यांच्याच तसबिरीखाली मांडली होती. एका शाळामास्तरांच्या मुलीने त्यातलं एक मागून घेतलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. पेन्सिलने काढलेली तीन पायांची मांजर अजून तिथेच होती. चौथा पाय काढायच्या आत बाबांनी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

“साहेबांच्या नातवाचा प्रताप असणार,” ग्रंथपाल कौतुकाने म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक पिशवीत टाकून ती चालू लागली.

“अहो बाई, पुस्तक बाहेर नेता येत नाही.”

“साहेब हे आमच्या घरून दोन दिवसांसाठी घेऊन गेले, तेव्हा बाबांनीही हेच म्हणायला हवं होतं.”