विद्यापीठ खरं हाय का?

“घरी परीक्षा?” अनुपमा मॅडमनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. “आबा, पदवीची परीक्षा घरी बसून कुठं होते?”

मॅडम दौंडच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या आणि बोगस विद्यापीठं ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हणून तर भिमाजी सकाळी कॉलेज उघडायच्या आधी दाराशी येऊन उभा राहिला होता.

“पोरगं म्हणतं, सगळं इंटरनेटवरच असतंय. परीक्षा बी,” तो म्हणाला.

पोरगं म्हणजे रोहन. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत सहा वर्षं कंत्राटावर. साहेबांनी तीन वर्षांमागं सांगितलं होतं, पदवी घे, सुपरवायझर करतो, पर्मनंट करतो. आता निकालाचा कागद शनिवारपर्यंत द्यायचा होता. कागद खोटा निघाला तर आहे ती नोकरीही जाणार, हेही साहेबांनी सांगितलं होतं.

कंपनी एवढी कडक झाली ती सुमितमुळं. सुमित म्हणजे शेजारच्या बन्सीचा मुलगा, त्याच कंपनीत कामाला. त्याला सहा महिन्यांत पदवी मिळाली आणि बन्सीला कोण आनंद. वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर पदवीधरांच्या नावांचा फलक आहे. बन्सीनं लगोलग पेंटर आणून पोराचं नाव तिथं लिहून घेतलं. पेढेसुद्धा वाटले. मग कंपनीचा माणूस चौकशीला गेला, तर विद्यापीठ म्हणजे शिक्रापूरला टायरच्या दुकानावरची एक बंद खोली. सुमितला त्याच दिवशी काढलं. फलकावरचं नाव पांढऱ्या रंगानं पुसलं, तेव्हा शिडी भिमाजीनंच धरली होती. बन्सी खाली उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून रोहनच्या धास्तीनं भिमाजीला कशात गोडी वाटेनाशी झाली होती. जेवायला वाढलं की जेवायचा, नाहीतर नाही.

“अभ्यास कधी करतो तो?” मॅडमनी विचारलं.

“त्यो कुठला करतोय. शिफ्टवरनं आला की आडवा हुतो. सूनबाई लिहिती त्याचं समदं.”

“सून लिहिते?”

“व्हय. फार्म भरण्यापासनं तीच बघती. परीक्षा झाली की दमती बिचारी. मंग आठ दिवस शिरूरकडं, पाबळला माहेरी जाती.”

मॅडमना रागच आला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. वस्तीत मात्र या सुनेचं, राजश्रीचं, कौतुकच होतं. नवऱ्याचा डबा, नवऱ्याचे कपडे, त्यात नवऱ्याचा अभ्यास. बाई असावी तर अशी, असं बाया म्हणायच्या. रोहनही म्हणायचा, आणि कूस बदलून झोपायचा.

“म्हणजे घाम तिचा आणि पदवी याची. छान आहे.”

“आमच्यात असंच हाय बघा,” भिमाजी म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत्ता पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

मॅडमनी सरकारी यादी उघडली. विद्यापीठाचं नाव यादीत होतं. पत्ता टायरच्या दुकानावरचा नव्हता. त्यांनी फोन लावला, तर पलीकडच्या माणसानं नीट उत्तरं दिली. कोणत्या वर्षी मान्यता मिळाली, परीक्षा कुठं होतात, सगळं. मॅडम कागदावर टिपून घेत होत्या आणि भिमाजी त्यांच्या पेनाकडं बघत होता.

“आबा, विद्यापीठ शंभर टक्के खरं आहे.”

भिमाजीनं दोन्ही हात जोडले.

“पण ऐका. परीक्षा केंद्रावरच होते. पुणे, बारामती, शिरूर. हॉल तिकिटावर फोटो असतो, तो बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. घरी कोणाचीच परीक्षा होत नाही. तुमचा रोहन कधी केंद्रावर गेला होता?”

“न्हाई.”

“एकदाही?”

“कंपनी सोडून कुठंबी गेला न्हाई त्यो.”

त्यापेक्षा विद्यापीठ खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, असंही भिमाजीच्या मनात येऊन गेलं. लोकांनी फसवलं असं सांगता आलं असतं. आता साहेबांना काय सांगायचं, आणि बन्सीला कुठल्या तोंडानं भेटायचं?

“नंबर आणलाय का? निकाल तरी बघू.”

त्यानं खिशातली चिठ्ठी काढली. निघताना राजश्रीनं दिली होती. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर, पण आज उंबऱ्यापर्यंत आली होती. “मामा, नंबर नीट बघायला सांगा,” म्हणाली होती. तिचे डोळे रात्रभर झोप नसल्यासारखे दिसत होते. नवऱ्याच्या काळजीनं, असं भिमाजीला वाटलं होतं.

मॅडमनी एकेक आकडा टाकला. पान उघडायला वेळ लागला. बाहेर पोरांचा कालवा चालू होता, तो भिमाजीच्या कानावर पडत होता, पण आत पोचत नव्हता.

“पास दाखवतंय,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “आबा, तिन्ही वर्षं पास. फर्स्ट क्लास.”

“परीक्षा न देताच?”

“परीक्षा दिलीय. शिरूर केंद्रावर. दर मे महिन्यात.”

“मॅडम, माझा रोहन शिरूरला गेलाच न्हाई. बघा जरा, नाव दुसऱ्याचं असंल.”

मॅडमनी चष्मा वर सारला, पडद्याच्या जवळ जाऊन नाव दोनदा वाचलं आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, “राजश्री रोहन भालेराव.”