जाकिटातला फोम

उन्नतीनं कॉलेजच्या नाटकासाठी फोमचं चिलखत केलं, घोळमाशाच्या खवल्यांसारखा एकेक तुकडा कापून चिकटवलेलं. फोम बापाच्या बोटीवरल्या लाइफजाकिटातला. जुनं जाकीट कोण घालतंय, म्हणून तिनं आत चिंध्या कोंबून शिवलेलं. आज चिलखत घालून ती मिरवत खाडीवर आली, तर बोट सुटायच्या बेतात, अन् त्यात सायवन गावचा लहान्या तेच जाकीट आवळून बसलेला. शेतमजुरी सोडून पहिल्यांदाच दर्यावर निघालेला. “पोहता येत नाय, पण हे हाय ना,” छाती थोपटत म्हणाला.  बापासमोर खरं बोलायला उन्नतीची जीभ रेटेना. ती पाण्यात शिरली अन् चिलखत काढून त्याला देऊ लागली. “लढाईला चाललाय काय तो?” बाप हसला. तिनं जाकिटाची शिवण उसवून आईच्या साडीची चिंधी ओढली. बापानं इंजिन बंद केलं. लहान्याचा हात मात्र छातीवरून निघेना.