दिवा मालवणारं भूत

पडद्यावरची शेवटची नावं सरकून गेली, तळघरातल्या त्या सभागृहात दिवे लागले आणि चर्चेला तोंड फुटलं. दिग्दर्शिका माइक धरून पडद्याखाली उभी होती. तिचा पहिलाच सिनेमा, भुताचा. राहत्या घरात, घरच्याच माणसांना कामाला लावून काढलेला.

पहिला उठला तो एक दाढीवाला. आपण असले सिनेमे ढिगाने पाहिलेत आणि आपल्याला भीतीबिती वाटत नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग विचारलं, ते धुकं कुकरच्या वाफेचं होतं का? इस्त्रीच्या, असं दिग्दर्शिकेने कबूल केलं. एका चष्मेवालीला दाराची करकर आवडली होती, पण ती पडद्यावरच्या दाराचीच आहे असं काही तिला वाटलं नव्हतं. दिग्दर्शिकेने हेही मान्य केलं. करकर शेजारच्यांच्या दाराची होती.

"ते सगळं सोडा हो," दाढीवाला परत उठला. "पण भूत? घरादाराच्या मुळावर उठलेलं भूत रिकाम्या खोलीत डोकावतं, 'च्च' करतं, दिवा बंद करतं आणि पुढे जातं. विजेचं बिल त्याच्या नावावर येतं का?"

सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेत बसलेली भूतबाई, म्हणजे दिग्दर्शिकेची आई, मांडीवरच्या पिशवीचा बंद सारखा करत राहिली. चेहऱ्यावर पावडरीचा थर नसल्यामुळे तिला कुणीच ओळखलं नव्हतं.

"तो प्रसंग मुद्दाम तसा लिहिलाय?" चष्मेवालीने विचारलं.

"नाही. चूक झाली होती, ती मी ठेवली."

चूक आईचीच होती. समोर बघायचं, सरळ चालत जायचं, कुठे थांबायचं नाही, असं तिला पढवून ठेवलं होतं. पण कुणीतरी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला होता. पांढरीफटक आई थबकली, 'च्च' म्हणाली, बटण दाबलं आणि पुन्हा भूत होऊन चालू लागली. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मग तोच शॉट नीट, न थांबता पुन्हा घेतला. संकलनाला बसल्यावर मात्र दिग्दर्शिकेने तो चुकलेला तुकडा पाहिला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. उद्या आई नसेल. तरी ती अशीच येईल, आणि आपण असेच दिवे चालू ठेवून बसलेलो असू. नीट जमलेला शॉट तिने त्याच क्षणी काढून टाकला.

हे तिने सभागृहात सांगितलं नाही. लोकांना भीती समजावून सांगायची नसते, एवढं तिला कळत होतं.

चर्चा आटोपली, लोक चहाच्या वासाने बाहेर सरकले आणि पुढच्या रांगेतला वितरक तिच्याजवळ आला. सिनेमा घरोघरच्या फोनवर पोचवणारा माणूस. प्रेक्षकांना कसा वाटतो ते बघून ठरवतो, असं त्याने आधीच बजावलं होतं. बाकीच्या वितरकांनी तर तिच्या फोनला उत्तरही दिलं नव्हतं.

सिनेमा आपण घेतोय, तो म्हणाला. फक्त दिव्याचा प्रसंग उडवायचा आणि भुताचं काम कसलेल्या नटीकडून पुन्हा करून घ्यायचं. दिग्दर्शिकेपुढे एवढी एकच वाट होती आणि तिच्यात नेमकी आईच आडवी उभी होती.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"अहो, लोक हसले. भुताला हसले की भुताचा सिनेमा संपला."

"हसू देत."

"ताई, हट्ट सोडा. तुमची आई आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय."

"आई आहे म्हणूनच. प्रसंग जाणार नाही आणि आईही जाणार नाही. घ्यायचा तर असाच घ्या."

वितरकाने खांदे उडवले. तिकडे मधल्या वाटेत दाढीवाला चष्मेवालीला भुताची नक्कल करून दाखवत होता. मान वाकडी, एक हात पुढे. "च्च," तो म्हणाला आणि स्वतःच खदखदून हसला.

आई दारापाशी पोचली होती. तिने वळून पाहिलं. रांगाच्या रांगा रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यावर लखलखणारे दिवे. आत अजून चार माणसं उभी होती, तीही तिला दिसली. आईची लांबची नजर अजून शाबूत होती. तिने दार आतून लोटून घेतलं.

मागचे दिवे गेले. दाढीवाल्याचं हसू मध्येच थांबलं. मग मधले गेले. कुणीतरी "अहो" म्हणालं, तोवर पुढचेही गेले. तळघराला खिडकी नव्हती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला.

दाराच्या बाजूने आवाज आला, "च्च."

"आई गं!" दाढीवाला ओरडला. एक खुर्ची धाडकन पडली. कुणी हसलं नाही, कुणी हललंही नाही.

"रिकाम्या खुर्च्यांना उजेड कशाला लागतो?" आईचा आवाज घरात असतो तसाच होता.

दिग्दर्शिका अंधारात उभी राहिली. वितरकाने तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तो सोडवून घ्यायची तिने मुळीच घाई केली नाही.